फोटो केवढा मोठा छापता येईल? आधी पिक्सेल मोजा

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत टिपलेला फोटो मोबाइलवर झकास दिसतो, पण १२×१८ इंचांत छापून आणला की चेहरे मऊ पडलेले असतात. अशा वेळी दोष बहुतेकदा लॅबचाही नसतो आणि कॅमेऱ्याचाही नसतो. एवढ्या आकाराला पुरतील इतके पिक्सेलच, म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक रंगीत ठिपके, फाइलमध्ये नसतात. ऑर्डर देण्याआधी हे मिनिटभरात तपासता येतं.

गॅलरीत फोटोचा तपशील उघडा. तिथे ४०००×३००० असे दोन आकडे दिसतील. हातात धरून पाहायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणून दोन्ही आकड्यांना ३०० ने भागा: १३.३×१० इंच. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची ६०००×४००० ची फाइल २०×१३.३ इंचांपर्यंत जाते. उलट हिशोब करायचा तर ४×६ ला १२००×१८००, ८×१२ ला २४००×३६००, लग्नाच्या अल्बमच्या १२×३६ पानाला ३६००×१०८०० पिक्सेल हवेत. भिंतीवरच्या फ्रेमला २०० सुद्धा चालतात. १५० च्या खाली गेलात की आधी केस आणि शहापुरी साडीचा काठ एकमेकांत मिसळू लागतो.

३०० हा आकडा डोळ्यावरून आला आहे. फुटभर अंतरावरून साधारण तेवढंच बारीक दिसतं. अंतर वाढलं की गरज घटते: ३४३८ ला अंतराच्या इंचांनी भागा. दहा फुटांवरून, म्हणजे १२० इंचांवरून, इंचाला २९ पुरतात. म्हणूनच मोबाइलवरचा ४०००×३००० चा फोटो मंडळाच्या १२×८ फुटी बॅनरवर इंचाला जेमतेम २८ पडूनही रस्त्यापलीकडून नीट दिसतो. बॅनरवरची अक्षरं मात्र फोटोतच लिहू नका. कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये ती वेगळी टाइप करा, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा फाटणार नाहीत.

सगळ्यात जास्त घात होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तो १२×१८ त छापायला घेतला तर इंचाला ८९ च उरतात. खानापूरहून बेळगावच्या लॅबला फोटो पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्हवर द्या. स्क्रीनशॉट कधीच नको.

‘फाइल ७२ डीपीआयची आहे, ३०० करून आणा’ असंही ऐकायला मिळतं. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. फाइलमधला तो आकडा म्हणजे नुसती चिठ्ठी आहे. फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइज’ उघडा, ‘रिसॅम्पल’वरची खूण काढा आणि ३०० लिहा: इंच बदलतील, पिक्सेल तेवढेच राहतील. खूण तशीच ठेवलीत तर प्रोग्रॅम नवे पिक्सेल अंदाजाने भरतो. त्याने फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

आकार पुरला तरी प्रमाण जुळायला हवं. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि ४×६ ची प्रिंट ३:२, त्यामुळे ४०००×३००० च्या फोटोत पिक्सेलच्या ३००० पैकी ३३३ ओळी कापल्या जातात. राजहंसगडावर ग्रुप फोटो काढताना डोक्यांवर आणि पायांखाली मोकळी जागा ठेवा. क्रॉप, म्हणजे ही काटछाट, घरूनच करून द्या, लॅबच्या मशीनवर सोडू नका. डिजिटल झूमही टाळा, कारण बऱ्याच मोबाइलमध्ये तोही क्रॉपच असतो. दोन पावलं पुढे जाणं केव्हाही बरं.

घरातल्या गेलेल्या माणसाचा एकच, तोही व्हॉट्सअ‍ॅपवरचा १६००×१२०० चा फोटो उरला असेल तर एआयने मोठा करून घेण्याचा मोह आवरा. एआय डोळे आणि ओठ स्वतःच्या अंदाजाने रचतं, आणि घरच्यांना चेहरा परका वाटतो. त्यापेक्षा ५×७ त छापा. इंचाला सुमारे २२९ पिक्सेल मिळतात. भोवती दोन-दोन इंचांचा पांढरा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, देऊन ९×११ ची फ्रेम करून घ्या.