कोलोनोस्कोपी आणि एंडोस्कोपी : तयारीतल्या या चुका टाळा

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याच्या एखाद्या घडीमागे पाच-सहा मिलिमीटरचा चपटा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ, दडलेला असतो आणि कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, डॉक्टरांना तो कॅमेऱ्यातून हुडकायचा असतो. आतडं स्वच्छ असलं तर तो सापडतो. मळाचा पातळसा थर जरी राहिला, तरी उत्तम दुर्बीण आणि मुरलेला हात असूनही तो नजरेतून सुटतो. या तपासणीचं निम्मं काम असं रुग्णाच्या घरीच होतं, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

त्या एवढ्याशा पॉलिपसाठी इतका खटाटोप का? मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग अशाच गाठींतून सुरू होतात. साध्या गाठीचा कर्करोग व्हायला सहसा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. तेवढ्या अवधीत ती सापडली, तर तारेचा फास टाकून त्याच बैठकीत काढून टाकता येते. १९६९ साली न्यू यॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून पॉलिप काढायला सुरुवात केली. त्याआधी आतड्यात वरच्या बाजूला असलेल्या गाठीसाठी पोट उघडावं लागे.

त्रास होत असूनही वयाची वाट पाहणं

घरात कुणाला हा आजार नाही आणि स्वतःला काही त्रास नाही, अशा माणसानं कोणत्या वयात तपासणी सुरू करावी, हे देशादेशांत वेगळं आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये हे वय ५० वरून ४५ वर आणलं गेलं. पण हे वय फक्त त्रास नसलेल्यांसाठी आहे. शौचातून रक्त जाणं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणं, कारण नसताना वजन उतरणं किंवा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आढळणं, यांपैकी काहीही असेल तर वय तिशीचं असलं तरी डॉक्टरांकडे जायला हवं.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘रक्त जातंय, मूळव्याधच असणार’. मूळव्याध खरोखर असू शकते. पण मूळव्याध असलेल्या माणसालाही वर आतड्यात गाठ असू शकते, आणि रक्त दोन्हींतून येतं. नुसत्या अंदाजावर मलम लावत वर्ष काढू नका.

आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर गणित बदलतं. अशांनी साधारणपणे ४० व्या वर्षी, किंवा नातेवाइकाचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी. भावाला ४४ व्या वर्षी निदान झालं असेल, तर तुमची वेळ ३४ व्या वर्षी येते.

आणखी एक चूक सुशिक्षित घरांतही दिसते. मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी पॉझिटिव्ह येते आणि खात्रीसाठी म्हणून तीच चाचणी पुन्हा केली जाते. दुसऱ्यांदा निगेटिव्ह आली की सगळे निश्चिंत होतात. गाठीतून रक्त रोज येत नाही, त्यामुळे दुसरा निकाल पहिल्याला खोडून काढत नाही. चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की पुढची पायरी कोलोनोस्कोपीच.

औषधांबद्दल न सांगणं, किंवा मनानेच बंद करणं

वेळ ठरवतानाच चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या. आदल्या दिवशी दिली तर उशीर झालेला असतो, कारण काही औषधांचा हिशेब आठवडाभर आधीपासून करावा लागतो.

लोहाच्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात. त्यांच्यामुळे मळ काळा आणि चिकट होतो, आणि तो भिंतीला असा धरून राहतो की दुर्बिणीतून पाणी मारूनही निघत नाही. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत दोन्हीकडे धोका आहे. चालू ठेवली तर पॉलिप काढल्यावर रक्तस्राव होऊ शकतो, थांबवली तर गुठळी होऊ शकते. वॉरफरिन बंद करायचं ठरलं तर ते सहसा पाच दिवस आधी, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी आणि अॅपिक्सबानसारखी नवी औषधं एक-दोन दिवस आधी थांबवतात. किडनी कमजोर असेल तर नव्या औषधांचा अवधी वाढतो. कमी मात्रेतली अॅस्पिरिन बहुतेकदा चालूच ठेवतात. हे आकडे डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून दिले आहेत, स्वतः अमलात आणण्यासाठी नाहीत. हृदयात अलीकडे स्टेंट बसवला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक गोळीही चुकवू नका.

मधुमेहींनी तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली, उपाशी दिवसाची इन्सुलिनची मात्रा. ती सहसा कमी करतात. नेहमीचीच घेतली तर साखर धोकादायकरीत्या उतरते. दुसरी, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू आहे का. ही औषधं तीन-चार दिवस आधी बंद करतात, कारण उपासात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. तिसरी, सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन. ते वजनासाठी घेत असाल तरी सांगाच. त्यानं जठर हळू रिकामं होतं आणि गुंगीत असताना उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका राहतो.

रक्तदाबाची गोळी बहुतेकांना सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. लघवी वाढवणारी गोळी असेल तर वेगळं विचारा, कारण जुलाबांनी शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं.

आदल्या दिवसाचं खाणं

इथे ‘हलकं खाल्लं’ हे उत्तर पुरत नाही. एरवी पौष्टिक मानलेले पदार्थच या दिवशी नडतात: कोंड्यासकटचं धान्य, कडधान्यं, पालेभाज्या, सालीसकट फळं, सुका मेवा, बिया. टोमॅटोची किंवा काकडीची एखादी बीही दुर्बिणीच्या शोषनळीत अडकते, आणि मग डॉक्टरांचा वेळ आतडं पाहण्याऐवजी नळी मोकळी करण्यात जातो. आदल्या दिवशी कमी चोथ्याचं खाणं ठेवा: पांढरा भात, पांढरा पाव, अंडं, साल काढलेला उकडलेला बटाटा. नेहमी बद्धकोष्ठता असेल तर हेच पथ्य दोन-तीन दिवस आधीपासून धरा.

सांगितलेल्या वेळेनंतर फक्त आरपार दिसणारे द्रव: पाणी, गाळलेलं सूप, सफरचंदाचा गाळलेला रस, बिनदुधाचा चहा किंवा कॉफी. दूध दिसायला द्रव असलं तरी या यादीत बसत नाही. लाल आणि जांभळी पेयंही टाळा. आतड्यात त्यांचा रंग रक्तासारखा दिसतो.

पोट साफ करण्याचं औषध: सगळ्यात जास्त चुका इथे

सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड. ती शरीरात जवळजवळ शोषली जात नाही. पाणी स्वतःसोबत धरून ठेवत आतड्यातून सरळ पुढे जाते आणि मळ धुऊन काढते. म्हणून पाण्याचं प्रमाण हाच या औषधाचा प्राण आहे. ‘एवढं पाणी जात नाही’ म्हणून पूड कमी पाण्यात कालवली, तर दाट द्रावण शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं. चक्कर येते आणि धुलाईही अर्धवट राहते. खुणेपर्यंत पाणी भरा आणि पूड पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. पाकिटासोबत आलेल्या स्वादाखेरीज काही मिसळू नका, साखर तर नाहीच.

दुसरी चूक वेळेची. औषध दोन भागांत दिलेलं असतं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या आधी चार ते सहा तास. पहाटेचा गजर नको म्हणून दोन्ही भाग रात्रीच पिऊन टाकणारे पुष्कळ असतात. रात्री आतडं साफ होतंही. पण लहान आतड्यातून पित्त आणि पाचकरस रात्रभर खाली उतरत राहतात आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर चिकट पिवळा लेप बसतो. चपटे, चटकन न दिसणारे पॉलिप नेमके त्या उजव्या भागात जास्त आढळतात. पहाटेचा डोस हा लेप धुण्यासाठी असतो, त्याला पर्याय नाही.

हिशेब असा मांडा. तपासणी सकाळी १० वाजता आहे आणि दुसरा भाग दोन लिटरचा आहे. दर पंधरा मिनिटांनी २४० मिलिलिटरचा एक ग्लास धरला, तर आठ-नऊ ग्लासांना दोन ते सव्वादोन तास लागतात. पहाटे ५ ला सुरुवात केली की सव्वासातपर्यंत संपतं. तपासणीच्या किमान दोन तास आधी, म्हणजे इथे ८ वाजता, पिणं पूर्ण थांबलेलं हवं. तुमच्या केंद्रानं याहून जास्त वेळ सांगितला असेल तर तोच पाळा.

तिसरी चूक म्हणजे पातळ व्हायला लागलं की थांबणं. पातळ होणं म्हणजे साफ होणं नव्हे. पाणी येतंय पण तपकिरी किंवा गढूळ आहे, तर तयारी अपुरी आहे. शेवटी लघवीसारखं फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी यायला हवं. ते लवकर दिसलं तरी उरलेलं औषध संपवा.

मध्येच अडचण आली तर:

- मळमळ किंवा उलटी झाली तर अर्धा तास थांबा, मग सावकाश पुन्हा सुरू करा. द्रावण गार करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत प्यायलं की चव कमी जाणवते. उलट्या थांबतच नसतील तर केंद्राला फोन करा.
- तीन-चार ग्लास होऊनही शौच झालं नाही तर घाबरू नका, खोलीतल्या खोलीत चाला. काहींना सुरुवात व्हायला तीन तासही लागतात. पण पोट फुगून कडक झालं आणि दुखू लागलं, तर पिणं थांबवून लगेच संपर्क साधा.
- गुदद्वाराची आग होते. पहिल्या जुलाबाच्या आधीच व्हॅसलिन लावा आणि कागदानं घासण्याऐवजी पाण्यानं धुवा.
- सकाळीही पाणी तपकिरीच असेल तर गप्प बसून टेबलावर जाऊ नका. आधी कळवलं तर जादा औषध किंवा उशिराची वेळ देता येते.

जास्तीचं द्रव म्हणून नुसतंच साधं पाणी लिटरमागून लिटर पिऊ नका. त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. सूप आणि रस अधूनमधून घ्या. किडनीचा आजार असेल तर सोडियम फॉस्फेट असलेलं औषध घेऊ नका, त्यानं किडनीला कायमची इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शेजाऱ्याचं उरलेलं पाकीट वापरू नये, त्याचं हेही एक कारण.

जठराच्या एंडोस्कोपीत वेगळं काय

ही दुर्बीण तोंडातून जठरात जाते, त्यामुळे इथे जुलाबाचं औषध लागत नाही, फक्त जठर रिकामं हवं: घन पदार्थ किमान सहा तास आणि पाणी दोन तास बंद. अनेक केंद्रं मध्यरात्रीपासून उपाशी राहायला सांगतात. सर्वसाधारण चूक पित्ताच्या गोळ्यांची असते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधायचा असेल, तर ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधीपासून बंद लागतात. नाहीतर जंतू असूनही चाचणी निगेटिव्ह येते. रक्तस्राव होणाऱ्या अल्सरसाठी गोळी चालू असेल तर ती थांबवायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

कवळी काढून ठेवा, हलणारा दात आधीच दाखवा. घसा बधिर करणाऱ्या फवाऱ्यानं गिळताना काही अडकल्यासारखं वाटतं. श्वास मात्र मोकळा असतो. नाकाने संथ श्वास घ्या आणि लाळ गिळण्याऐवजी बाहेर वाहू द्या. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, ठसका लागून अन्न श्वासनळीत जाऊ शकतं.

टेबलावर आणि त्यानंतर

कोलोनोस्कोपीला साधारण अर्धा तास लागतो. डाव्या कुशीवर झोपवतात, शिरेतून गुंगीचं औषध देतात. घोरण्याचा किंवा झोपेत श्वास अडण्याचा त्रास, पेसमेकर आणि औषधांची अॅलर्जी हे भूल देणाऱ्यांना आधी सांगा. आतडं उघडावं म्हणून वायू भरतात, त्यामुळे नंतर पोट फुगतं. तो वायू संकोच न करता जाऊ द्या, दाबून धरला की कळा येतात.

‘मी पूर्ण शुद्धीत आहे’ असं वाटत असताना गाडी चालवणं ही घरी परततानाची चूक. गुंगीच्या औषधाचा निर्णयशक्तीवरचा परिणाम उरतो. २४ तास गाडी चालवणं आणि सह्या करणं टाळा. डॉक्टरांनी नंतर सांगितलेलं बरंचसं आठवतही नाही, म्हणून ते ऐकायला सोबतचा माणूस हवा.

आतड्याला छिद्र पडणं दुर्मीळ आहे, निव्वळ तपासणीत हजारात एकाहूनही कमी. तरीही वाढत जाणारी पोटदुखी, कडक झालेलं पोट, ताप किंवा गुठळ्यांसह रक्त दिसलं तर रात्रही न थांबता रुग्णालय गाठा. पॉलिप काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, त्यामुळे त्या काळातला लांबचा प्रवास डॉक्टरांना विचारून ठरवा.

रिपोर्टचा फक्त शेवटचा ‘नॉर्मल’ शब्द वाचून फाइल कपाटात टाकू नका. दुर्बीण आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, पोहोचली का? आतड्याच्या सफाईचे गुण किती? बोस्टन मोजपट्टीवर मोठ्या आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. प्रत्येक भागाला किमान २ हवेत. त्याहून कमी असतील तर नॉर्मल रिपोर्टनंतर एरवी मिळणारी दहा वर्षांची निश्चिंती मिळत नाही, तपासणी सहसा वर्षभरात पुन्हा करावी लागते. पॉलिप काढला असेल तर बायोप्सीचा निकाल हातात घेऊनच पुढची तारीख ठरवा: दहा मिलिमीटरपेक्षा लहान, साध्या एक-दोन गाठींना अमेरिकी सूचनांनुसार सात ते दहा वर्षं, दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीला तीन वर्षं. आणि अशी मोठी गाठ निघाली असेल तर ते भावंडांना आणि मुलांनाही सांगा, कारण त्यांच्या तपासणीचं वयही त्यामुळे अलीकडे येऊ शकतं.