कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं एस्टिमेट आलंय? होकार देण्याआधीची तयारी

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजवाला स्कॅनर लावतो, "पी०४२० आलाय, कॅट गेला" म्हणतो आणि पाच आकडी एस्टिमेट हातात ठेवतो. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाच्या धुरातले घातक वायू कमी करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा; आणि पी०४२० हा तो नीट काम करत नसल्याचा कोड. त्या क्षणी फक्त एवढंच म्हणा, "विचार करून सांगतो." दिवा नुसता लागून राहिला असेल तर दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही. तो उघडझाप करत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा इंजिन मिसफायर करत असतं, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

आता त्या कोडकडे वळू. कन्व्हर्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. पलीकडच्या सेन्सरचे आकडे फार वरखाली व्हायला लागले की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) समजतो, जाळी काम करेनाशी झाली. पण हेच चित्र सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत असली किंवा सेन्सर म्हातारा झाला असला तरी दिसू शकतं. म्हणून नुसता कोड वाचून घेऊ नका, "लाइव्ह डेटा दाखवा" म्हणा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे दिसतील. इंजिन नीट तापलेलं असताना पलीकडच्या, म्हणजे मागच्या सेन्सरचा आकडा साधारण ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत बसलेला असेल, तर कन्व्हर्टर बदलायची घाई कोणाला आहे ते विचारायला हरकत नाही.

दुसरा पुरावा बराच स्वस्त आहे: पीयूसी. बीएस-४ (प्रदूषणाचं सरकारी मानक) आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. गाडी वीसेक मिनिटं चालवून मगच सेंटरवर न्या, कारण थंड कन्व्हर्टर काम करतच नाही. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये पुरती आत घालायला सांगा (हे सांगावं लागतं, हे आपलं दुर्दैव). जुन्या पीयूसीच्या पावत्या डॅशबोर्डच्या खणात पडून असतील तर त्या काढून आकडे शेजारी शेजारी ठेवा.

गाडीखालून खडखड येत असेल तर आधी उष्णता अडवणारा पत्रा बघायला लावा. तो गंजून सुटला की असाच आवाज करतो, आणि एका क्लॅम्पने गप्प होतो. इंजिन थंड असताना कन्व्हर्टरच्या डब्यावर रबरी हातोडीने हलकं ठोकून आतून फुटक्या खापरांसारखी खळखळ आली, तरच जाळी तुटली म्हणा.

समजा खरंच गेलाय. मग पैसे मोजण्याआधी त्याला मारलं कोणी ते शोधा. कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो. स्पार्क प्लग काढून हातात घ्या: टोक काळं, ओलसर, तेलकट असेल तर इंजिन ऑइल जळतंय. कूलंट विनाकारण कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलवर) संशय घ्या. इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) अधूनमधून दगा देत असेल तर तेच कारण पुरेसं आहे. हे दुरुस्त न करता नवा कन्व्हर्टर बसवणं म्हणजे तोही त्याच वाटेने पाठवणं. या तपासणीची मजुरी द्यायला कुरकुर करू नका, इथे वाचवलेले पैसे पुढे दसपटीने जातात.

गाडी फार जुनी नसेल तर वॉरंटीचं पुस्तक उघडा. त्यात एमिशन वॉरंटीचं (धुरावर नियंत्रण ठेवणाऱ्या भागांच्या वॉरंटीचं) पान बहुधा वेगळं असतं, आणि तिची मुदत नेहमीच्या वॉरंटीसारखीच असेल असं नाही. सर्व्हिसच्या पावत्या लागतील, त्या गोळा करून ठेवा.

एस्टिमेट मागताना पार्ट नंबर लिहूनच मागा. बऱ्याच छोट्या गाड्यांत कन्व्हर्टर एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपांच्या जोडाला) जोडून येतो, त्यामुळे एकाने नुसत्या कन्व्हर्टरचा भाव सांगितला आणि दुसऱ्याने पूर्ण असेंब्लीचा, तर तुलनाच होत नाही. पार्ट, गॅस्केट, सेन्सर, लेबर, जीएसटी वेगवेगळं लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. जुन्या २८ टक्क्यांनी कोणी हिशेब केला असेल तर तिथेच बोट ठेवा. बाहेरचा स्वस्त कन्व्हर्टर घ्यायचा तर वॉरंटी लेखी घ्या. त्यात मौल्यवान धातू कमी असला तर बीएस-६ गाडीत काही महिन्यांत तोच दिवा पुन्हा लागू शकतो.

आणि आता ज्यावर लोक सहसा तोंड उघडत नाहीत ते: जुना कन्व्हर्टर. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा थर असतो. २०२१ मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. भाव तेवढा राहिलेला नाही, पण तो डबा अजूनही रद्दी नाही. जॉब कार्डवर "जुना पार्ट मालकाला परत" असं लिहून घ्या, किंवा त्याची किंमत बिलातून वजा करायला सांगा. "तो आमच्याकडेच राहतो" असं उत्तर आलं, तर किती रुपयांना राहतो ते विचारा. आधी एक-दोन ठिकाणी भाव काढून गेलात तर हे बोलणं सोपं जातं.

"आतलं काढून पोकळ करून देतो साहेब, पिकअपपण वाढेल," असं सांगणारा भेटेलच. नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात असा फेरफार बसत नाही, आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० नुसार दहा हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय मागचा सेन्सर लगेच चुगली करतो आणि दिवा कायमचा वस्तीला येतो.

कन्व्हर्टर चोरीला गेला असेल तर क्रम बदलतो. महाराष्ट्रात आणि गुजरातेत मारुती ईकोचे सायलेन्सर आतल्या मौल्यवान धातूंसाठीच चोरले गेले, कारण गाडीखाली हात घातला की तो सापडतो. सकाळी स्टार्टर मारल्यावर ट्रॅक्टरसारखा आवाज आला तर आधी खाली वाकून फोटो काढा, मग पोलीस स्टेशन, त्याच दिवशी विमा कंपनीला फोन. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काही मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर आधी चोरीची अट वाचा, मग कागदावर गणित मांडा. झीरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) नसेल तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीत धातूच्या भागावर ४० टक्के घसारा कापला जातो. ४० हजारांच्या पार्टचे २४ हजार उरतात, त्यातून सक्तीची वजावट (क्लेममधली मालकाने सोसायची ठरलेली रक्कम) जाते, आणि वर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल तर पुढच्या वर्षीचा जादा हप्ता किती येईल ते एजंटला विचारून मगच क्लेम टाका.

नवा बसल्यावर कोड पुसून गाडी ताब्यात देतील. तेवढ्यावर सही करू नका. शहरात आणि हायवेवर मिळून काही दिवस चालवा, मग पुन्हा स्कॅनर लावून कॅटॅलिस्ट मॉनिटर (कन्व्हर्टरची गाडीने स्वतः केलेली चाचणी) "पूर्ण" दाखवतोय का ते बघा. तो पूर्ण झाला आणि दिवा लागला नाही, की नवी पीयूसी काढून पार्ट नंबरच्या बिलाला जोडून ठेवा.