जुन्या गाडीचा स्पार्क प्लग बदलताना

सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की काही जण जुन्या बाइकला मुद्दाम ‘थंड’ प्लग (टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा; ‘गरम’ प्लग ती उशिरा सोडतो) बसवतात. तसं करू नका. गाडीच्या पुस्तकात दिलेला नंबरच घ्या. मेक बदलताना तर जास्तच जपा: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम! चुडीची (आट्यांची) लांबीही जुळवून बघा, लांब प्लग पिस्टनला लागतो.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच प्लग खोला. त्याआधी प्लगभोवतीच्या खाचेतली धूळ फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलेंडरमध्ये जाते. जुना प्लग लगेच फेकू नका. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी असेल तर आधी एअर फिल्टर आणि चोक तपासा. तेलकट असेल तर इंजिन तेल खातंय, नुसत्या नव्या प्लगने भागणार नाही.

गॅप, म्हणजे टोकाशी ठिणगी पडते ती फट, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नवा प्लग शेवटपर्यंत हातानेच फिरवा, अडला तर काढून पुन्हा लावा. प्लग बसतो ते सिलेंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, चुडी गेली की खर्च मोठा. वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो.