नवा गेमिंग पीसी: नागपूरच्या उन्हात काय घ्यायचं, अन् स्क्रीन काळी राहिली तर

पहिले ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र बनवणारा भाग) ठरवा मग बाकीचं, प्रोसेसरवर सगळे पैसे घालून कार्ड हलकं घेतलं तर गेम अडकतच चालेल. पॉवर सप्लाय दुकानदार "चालून जाते" म्हणत देईल तो घेऊ नका, कार्डाच्या कंपनीनं सांगितले तेवढे वॅट तरी पाहिजेच. अन् आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, म्हणून समोर जाळी असलेलीच केस (पीसीचा डबा) घ्या, काचेची दिसते भारी पण आतून भट्टी. कूलरच्या ओल्या झोतात पीसी ठेवू नका राजेहो.

जोडला अन् डिस्प्लेच नाही? माझे पंखे फिरत होते, लाइट लागले, स्क्रीन काळी, रात्री २ वाजेपर्यंत डोकं खपवलं, निघालं काय तर एचडीएमआय (स्क्रीनची वायर) मदरबोर्डला लावलेली, कार्डाला नाही, अन् प्रोसेसर इंटेलचा एफवाला (नावाच्या शेवटी एफ), त्यात ग्राफिक्सच नसतं! तसं नसेल तर रॅम काढून टक् आवाज येईस्तोवर परत दाबा, प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर बघा, ती बऱ्याचदा राहून जाते. रॅम डीडीआर ५ प्रकारची असेल तर पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगला (पीसी रॅम जुळवून घेतो, तोवर स्क्रीन काळीच) काही मिनिटं लागू शकतात, तेवढ्यात बटण दाबून बंद नका करू.