चालू जहाजाचं उत्सर्जन कमी करायचंय? आधी काय, नंतर काय

नेमका कोणता वायू कमी करायचा, हे आधी ठरवा. स्क्रबर (धूर पाण्याने धुणारं यंत्र) गंधक धुतो, कार्बनला हात लावत नाही. उलट त्याच्या पंपांपायी जनरेटर जास्त इंधन खातो. एससीआर (धुरावर उत्प्रेरकाने प्रक्रिया करणारं यंत्र) फक्त नायट्रोजन ऑक्साइडवर चालतो, आणि टियर 3 ची अट (या वायूची सर्वांत कडक मर्यादा) कील, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, कधी घातली त्यावर ठरते: उत्तर अमेरिकेच्या उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रात 1 जानेवारी 2016 पासूनची जहाजं, बाल्टिक आणि उत्तर समुद्रात 1 जानेवारी 2021 पासूनची. जहाज त्याआधीचं आणि इंजिन मूळचंच असेल, तर एससीआरचं कोटेशन मागवण्यात अर्थ नाही.

कार्बनसाठी एक आकडा लक्षात ठेवा: एक टन जड इंधन जळलं की 3.114 टन कार्बन डायऑक्साइड. म्हणून वर्षभराचे नून रिपोर्ट (जहाजाची रोज दुपारची नोंद) काढा आणि मुख्य इंजिन, जनरेटर, बॉयलर यांचा खप वेगळा मांडा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेग. समजा, मुख्य इंजिन दिवसाला 25 टन खातं आणि सफर 10 दिवसांची आहे. वेग 10 टक्के उतरवला की लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने घटते, खप 18 टनांवर येतो. सफर 11 दिवसांवर जाते, तरी इंजिनाचं इंधन 250 वरून सुमारे 203 टनांवर येतं. जनरेटर एक दिवस जास्त चालतो, त्याचे अडीच-तीन टन वजा करा. निव्वळ बचत 45 टनांच्या आसपास.

फक्त नवा आरपीएम (मिनिटाचे फेरे) इंजिनाच्या निषिद्ध पट्ट्यात पडत नाही ना, ते बघा. तिथे शाफ्टला पिळाची कंपनं येतात, सतत चालवता येत नाही. कमी लोडवर लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) थंड पडून आम्लाने खाल्ला जातो आणि टर्बोचार्जरवर काजळी धरते, तेव्हा जॅकेट पाण्याचं तापमान आणि सिलिंडर तेलाची मात्रा इंजिन उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे लावा.

मग हल (जहाजाचं बाहेरचं कवच) आणि प्रोपेलर. त्यावर शेवाळ धरलेलं असताना बसवलेल्या डक्टची (प्रोपेलरकडे पाणी नीट वळवणारं कडं) बचत मोजताच येत नाही. आधी घासा, मग मोजा.

समुद्राच्या पाण्याचे कूलिंग पंप सहसा 32 अंशांच्या पाण्यासाठी मोजलेले असतात, आणि थंड समुद्रातही पूर्ण जोरात फिरत राहतात. व्हीएफडी (मोटरचे फेरे कमी-जास्त करणारं उपकरण) लावून फेरे 20 टक्के उतरवले तर पंपाची वीज जवळजवळ निम्म्यावर येते. कोणी फारसं कौतुक करत नाही, पण आमच्या मते डक्टच्याही आधी हेच करावं.

ओपन लूप स्क्रबर (धुतलेलं पाणी समुद्रातच सोडणारा) घेण्याआधी तुमची बंदरं तपासा. सिंगापूरने त्याचं पाणी बंदरात सोडायला 2020 पासून बंदी घातली आहे. बसवलाच, तर पाणी बाहेर पडतं तो हलजवळचा पाइपचा तुकडा दर तपासणीत बघा. कोटिंगला टाचणीएवढं भोक पडलं तरी आम्लधर्मी पाणी पोलाद खातं आणि इंजिन रूममध्ये पाणी शिरतं.

इंधन बदलणं शेवटी. एलएनजीत इंजिनाचा प्रकार बघा: कमी दाबाच्या ऑटो-चक्राच्या (Otto, पेट्रोल इंजिनासारख्या) इंजिनातून न जळलेला मिथेन निसटतो, उच्च दाबाच्या डिझेल-पद्धतीच्या इंजिनातून फार कमी. मिथेनॉलला तेवढ्याच ऊर्जेसाठी अडीचपट टाकी लागते, आणि ते नैसर्गिक वायूपासून बनलेलं असेल तर विहिरीपासून चिमणीपर्यंतच्या हिशोबात काही सुटत नाही. पुरवठादाराकडून उगमाचं प्रमाणपत्र लेखी मिळत नसेल, तर मिथेनॉलसाठी टाक्या कापायला काढू नका.