सोयाबीन विकताना: फळ्यावरचा भाव आणि हातात पडणारे पैसे

शेती पूर्णवेळ धरण्याआधी मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका आडतीवर (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानात) मुनीम होतो. तेव्हा दुसऱ्यांच्या हिशेब पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) लिहिल्या, आता औसा तालुक्यातल्या साडेचार एकरांत पिकतं त्याच्या पट्ट्या घेतो. त्या दोन्हींच्या जिवावर हे लिहितोय.

भाव वाढवायची युक्ती माझ्याकडे नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि नवी रास निघाली तेव्हा मोंढ्यात बरा माल चार हजारांच्या आसपास फिरत होता. त्यात सप्टेंबरच्या पावसानं कित्येकांचा माल डागी झाला. हा हजार-तेराशेचा खड्डा कुणा एका शेतकऱ्याला बुजवता येणार नाही, ते सरकारचं काम आहे आणि ते त्यांच्याकडून भांडूनच घ्यावं लागेल. पण फळ्यावर ४,२०० असताना पट्टीवर ३,८०० का पडतात, हे समजून घेता येतं. त्या चारशेतले बरेच वाचतात.

आधी भाव कुठून येतो ते बघा

मोंढ्यातला सौदा दिसायला मोंढ्यात होतो. प्रत्यक्षात सकाळी मोजके तेल प्लँट आपापला खरेदीचा दर मोबाईलवर सोडतात, आणि दिवसभराची बोली त्याच्याच खालीवर घुटमळते. प्लँटचा दर ‘१०-२-२’ या अटीवर असतो: ओलावा १० टक्के, माती-कचरा २ टक्के, डागी दाणा २ टक्के. ज्याच्या घरात असा माल नाही, त्याचा तो भाव नाहीच. गावात पारावर जो आकडा सांगितला जातो तो नेहमी हाच, आणि तिथूनच भांडणं सुरू होतात.

क्विंटलभर सोयाबीन गाळलं की १८ किलोच्या आसपास तेल निघतं, बाकी जवळपास सगळी पेंड, म्हणजे डीओसी. भाव पडला की आपण तेलाच्या आयातीला शिव्या देतो. त्यात खोटं काही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं आणि मे २०२५ च्या अखेरीला परत साडेसोळावर आणून ठेवलं. पण शुल्क चढवलं होतं त्या हंगामातही सोयाबीन हमीभावाच्या खालीच राहिलं, कारण पेंडीला उठाव नव्हता. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा, डीडीजीएस, कोंबडीखाद्यात घुसला आणि त्यानं पेंडीची जागा खाल्ली. म्हणून तेलाबरोबर पेंडीचा दरही विचारत जा. कुक्कुटपालनवाला ओळखीचा असेल तर त्याला एक फोन केला तरी कळतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं, ते अजून सगळ्यांच्या डोक्यात आहे. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) पेंड आयातीला मोकळीक दिली, आणि डिसेंबरात सेबीनं, म्हणजे बाजार नियामकानं, सोयाबीनचे वायदे (पुढच्या महिन्यांच्या भावाचे आगाऊ सौदे) थांबवले. वायद्यात सट्टा होता, मान्य. पण पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज आपल्याला फुकटात दिसायचा. तो फळा पुसला गेल्यावर उरला तो सकाळचा प्लँटचा मेसेज.

यावर करायचं एवढंच: एका प्लँटच्या दरावर विसंबू नका, दोन-तीन प्लँटच्या गेटवरचा दर घ्या. त्यातून गाडीभाडं वजा करा आणि मोंढ्याच्या निव्वळ पैशाशी ताडून बघा. एकट्याच्या दहा कट्ट्यांना (पोत्यांना) गेटवर कुणी विचारत नाही. गल्लीतल्या चौघांनी मिळून गाडी भरली, किंवा गावात चालती शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिच्या नावानं माल घातला, की विचारतात.

ओलाव्याचा हिशेब स्वतः करा

सगळ्यात जास्त पैसे इथं गळतात. समजा दहा क्विंटल माल १६ टक्के ओलाव्याचा आहे. त्यात सुका ऐवज ८४० किलो. तोच माल १० टक्क्यांवर वाळवला तर वजन भरेल ९३३ किलो. म्हणजे घट क्विंटलमागं पावणेसात किलो. एका टक्क्याला साधारण एक किलो शंभर ग्रॅम, हा आकडा पाठ करून ठेवा.

आता मोंढ्यात उभं राहिल्यावर व्यापारी वजन कापतो की भाव पाडतो, ते नीट ऐका. सहा टक्के जादा ओलाव्याला सहा-सात किलो कापले तर तो हिशेब झाला. ४,२०० च्या भावानं ते २८० रुपयांच्या आसपास बसतात. पण ‘ओला आहे’ म्हणत भावच पाचशेनं खाली आणला, तर वरचे सव्वादोनशे कशाचे? काही जण तर आधी भाव पाडतात आणि वर वजनातही कापतात. मी मुनीम असताना हे रोज बघितलंय, आणि विचारणारा शेतकरी क्वचित बघितलाय. जो विचारायचा त्याला बहुतेक वेळा थोडं तरी सोडावं लागायचं.

दोन दिवस कडक ऊन मिळत असेल तर माल ताडपत्रीवर पातळ पसरा, दुपारी दोनदा पाय फिरवा. दाताखाली दाणा दबला तर ओला. कट्‌कन तुटला तर बारा-तेराच्या आत आला असं धरायला हरकत नाही. नक्की आकड्यासाठी मात्र यंत्रच पाहिजे. बाजार समितीत किंवा खरेदी केंद्रावर मूठभर सॅम्पल नेऊन मोजून आणा आणि मगच गाडी सांगा. ओला माल गाडीत घालून सौद्यावर उभा राहिलेला माणूस परत फिरत नाही, हे घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

आणि चाळण मारा. मातेरं घरीच निघालं तर ते तुमच्या गोठ्यात जातं. मोंढ्यात निघालं तर त्याच्या नावाखाली चांगला दाणाही जातो.

उचल आणि पट्टी

पेरणीला ज्या व्यापाऱ्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली त्याच्याच दारात माल न्यावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उचलीचं व्याज एकवेळ परवडतं, पण माल दुसरीकडं दाखवायची मोकळीक गेली की भाव त्याच्या हातात जातो. पीककर्ज वेळेत मिळालं तर उचल टळते. ते मिळत नाही म्हणूनच उचल घेतली जाते, हेही खरंच. निदान उचल सगळा माल मोंढ्यात नेण्याआधी चुकती करता येते का ते बघा, थोडा माल आधी विकून का होईना.

पट्टी हातात आली की चार गोष्टी तिथंच वाचा. वजन काट्याच्या पावतीशी जुळतंय का. बारदान्याचं (रिकाम्या पोत्यांचं) वजन खरं तेवढंच वजा केलंय का. हमाली-तोलाई समितीच्या दरानं लावलीय का. आणि ‘कडता’ (वजनातली वरची कपात) किंवा ‘सूट’ असलं काही लिहिलंय का. कडता घ्यायची परवानगी नाही. पैसे त्याच दिवशी मिळायला हवेत, ‘पंधरा दिवसांनी या’ हा नियम नाही, वहिवाट आहे. आडत (आडत्याची दलाली) लावली असेल तर कोणत्या दरानं आणि कुणाकडून घ्यायची ते समितीच्या कार्यालयात विचारा. तक्रार आधी समितीच्या सचिवाकडं लेखी, पोच घेऊन. तिथं दाद नाही लागली तर सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधकांकडं. कोऱ्या चिठ्ठीवर हिशेब मिळाला असेल तर तक्रारीला आधारच उरत नाही, म्हणून छापील पट्टी घेतल्याशिवाय उठू नका.

हमीभाव केंद्रावर जायचं असेल तर

त्याची तयारी पावसाळ्यातच करावी लागते. ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) करून सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा चढवलेला नसेल तर दिवाळीत धावपळ करून उपयोग नाही. आधार, पेऱ्यासह सातबारा, आणि चालू असलेल्या खात्याचं पासबुक घेऊन नोंदणी सुरू होताच पहिल्या दिवसांत जा. मग मेसेज येईपर्यंत माल घरात सुका ठेवायचा. ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती एकदा १५ पर्यंत सैल केली होती, पण दरवर्षी तसं होईल असं धरू नका. हेक्टरी किती क्विंटल घेणार ते जिल्ह्यागणिक ठरतं, तेही नोंदणीतच विचारून घ्या. २०२४-२५ मध्ये बारदाना संपला म्हणून खरेदी अडली होती. त्यामुळे तातडीच्या देण्यापुरता माल वेगळा काढून ठेवा आणि उरलेल्यासाठीच केंद्राची वाट बघा.

थांबायचं असेल तर किती?

कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की चालू बाजारभाव किंवा हमीभाव, यातल्या कमी रकमेच्या ७५ टक्के कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी. भाव ४,२०० असेल तर क्विंटलला ३,१५० हातात येतात आणि सहा महिन्यांचं व्याज होतं साडेचौऱ्याण्णव रुपये. नेण्या-आणण्याची हमाली धरली तर भाव दीडशे-दोनशेनं वर गेला तरच थांबणं पदरात पडतं.

तो जातोच असं नाही. २०२४ च्या दिवाळीला न विकता ठेवलेलं सोयाबीन फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याहून स्वस्तात गेलं. दहा हजारांची वाट बघत दोन-दोन हंगामांचा माल ठेवणारे माझ्याच भावकीत आहेत. मी तीन वाटे करतो: एक देणेकऱ्यांसाठी लगेच, एक केंद्रासाठी, एक तारणात.

खर्चाच्या बाजूला एक गोष्ट

फवारणीच्या रासायनिक औषधावर १८ टक्के जीएसटी आपण भरतो आणि तो आपल्याला कुठूनही परत मिळत नाही. डीएपीच्या पोत्याबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतात. तेव्हा निदान पक्कं बिल मागा आणि कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्या. पण बियाण्याचा खर्च पूर्ण आपल्या हातात आहे. सोयाबीनचं सरळ (संकरित नसलेलं) वाण दरवर्षी विकत घ्यायची गरज नसते. पाऊस न लागलेल्या तुकड्यातली रास वेगळी करा, मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवा, कट्टे आपटू नका. टरफल पातळ असतं, आतला अंकुर मार खातो. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्यानं चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा वर आले तर एकरी ३० किलो पुरतं. साठ आले तर ३५ किलो टाका. साठच्याही खाली आले तर ते कट्टे विकून टाका आणि बियाणं शेजाऱ्याकडून बघा, पण त्याच्याही दाण्यांची हीच परीक्षा घेऊन.