मध्यम बजेटचा गेमिंग पीसी जुळवताना

सुरुवात मॉनिटरपासून करा. १०८० पिक्सेलच्या १४४ हर्ट्झवर (पडदा सेकंदाला १४४ वेळा बदलतो) खेळायचे की १४४० वर, हे ठरले की ग्राफिक्स कार्ड ठरते, आणि त्यावरून बाकीचे सामान. इथे १०८० धरू, आणि मॉनिटर सोडून ९० हजार रुपये. त्यातले ३५ ते ४० हजार एकट्या कार्डाला जाऊ द्या. इंटेलचा महागडा आय७ प्रोसेसर घेऊन कार्डात काटकसर करण्याचा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो ऐकू नका. या वर्गातल्या कार्डाला सहा कोअरचा प्रोसेसर पुरून उरतो.

कार्डाचा व्हीरॅम, म्हणजे त्याची स्वतःची मेमरी, आधी पाहा. ८ जीबी आजही चालतो, पण नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रे) अल्ट्रा या सर्वांत वरच्या दर्जावर ठेवले की भरतो. मग माहिती पीसीआय स्लॉटमधून (कार्ड बोर्डावर बसते ती खाच) रॅमकडे ये-जा करू लागते. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण मधूनमधून गेम अडखळतो. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही कार्डे स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (माहिती जाण्याचे मार्ग) वापरतात. जुन्या बी४५० मदरबोर्डावर पीसीआयची जुनी ३.० पिढी असल्याने त्या आठांचाही वेग निम्मा होतो, आणि त्रास वाढतो. बोर्ड बी५५० घेऊन त्यावर एएमडीचा रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी बसवला तरी तेच, कारण हे दोन्ही प्रोसेसर ३.० च्या पुढे जात नाहीत. आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही प्रकारांत त्याच नावाने विकली जातात, तेव्हा बिलावर आकडा लिहून घ्या. १६ जीबी आवाक्यात नसेल तर ८ चे घेऊन टेक्स्चर एक पायरी खाली ठेवा. फारसे बिघडत नाही.

प्रोसेसर रायझन ५ ७६०० आणि बोर्ड बी६५०, ही जोडी बरी. खोक्यात कूलर येतो, आणि एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) असल्याने पुढे फक्त प्रोसेसर बदलता येतो. हात आखडता असेल तर रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ. नावातल्या एफचा अर्थ आत ग्राफिक्स नाही. ५६०० मध्येही नाही. कार्ड दुरुस्तीला गेले की पीसी बंद. ‘ट्रे’, म्हणजे खोक्याविना सुटा, प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी सहसा दुकानदारापुरतीच असते.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत, म्हणून १६ जीबीवर भागवावे लागले तर भागवा, मात्र ८ च्या दोन पट्ट्या घ्या. एकच पट्टी म्हणजे एकच चॅनेल, आणि गेममध्ये तो फरक जाणवतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, चालू करा. नाहीतर ६००० ची डीडीआर५ रॅम बहुधा ४८०० वर धावत राहते. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटे पडदा काळा राहतो. रॅमचे ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचे रॅमशी जुळवून घेणे, चाललेले असते; बटण दाबून बंद करू नका.

साठवणुकीची एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी वेगवान), जेन ४ म्हणजे चौथ्या पिढीची पुरे.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत येणारा ‘४५० वॉट’चा फुकट डबा वापरू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहा आणि १२ ने गुणा. ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर ४५ च्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॉट. १८ लिहिले असेल तर मिळतात जेमतेम २१६, आणि ५०६० टीआय एकटेच १८० मागते. भार आला की पीसी रीस्टार्ट होतो, आणि लोक दोष कार्डाला देतात. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचे प्रमाणपत्र), ५५० ते ६५० वॉट घ्या. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा, असेल तर दुसऱ्या कंपनीच्या केबल लावू नका: टोक बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी जळते.

यूपीएस ६०० व्हीएचा घेतलात तर तो साधारण ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना वीज गेली तर मॉनिटरसह सगळे एकदम बंद पडू शकते. १००० व्हीएच्या पुढचा घ्या. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासा, पीसी उघडत बसू नका.

कॅबिनेट पुढून जाळीचे हवे, आत हवा ओढणारे दोन पंखे आणि मागे एक. विदर्भातल्या मे महिन्यात काचेचा दर्शनी भाग म्हणजे भट्टीच. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये जुळवून पाहा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. घरी मॉनिटरची केबल बोर्डात नव्हे, कार्डात खोचा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चे १४४ हर्ट्झ करा. ते बऱ्याचदा आपोआप होत नाही.